सत्कारानंतर कोण विचारतो?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त आषाढ पौर्णिमेच्या सायंकाळी झालेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही दोन शब्द बोलायला उभे आहोत. आम्ही काही विद्वान नाही. गिरणी कामगाराच्या पोटी जन्मलो आणि गिरणीतच आयुष्य घातलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो. वडिलांचा पगार थांबला, भांडी मोडीत गेली आणि आमची शाळाही त्याच मोडीत गेली. १९८९ ला आम्ही बदली कामगार म्हणून रिंग खात्यात लागलो. रात्रशाळेत जाऊन १९९३ ला दहावी झालो. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला आणि २००३ साली, चौतिसाव्या वर्षी, बी. ए. झालो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत आमच्या गिरणीचा भोंगा थांबला, तो परत वाजला नाही. हे आम्ही मोठेपणासाठी सांगत नाही. आज कॉलेजविषयी बोलणाऱ्या माणसाने कॉलेज कुठल्या दरवाजातून पाहिले, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

दरवर्षी आपण दहावी-बारावी पास झालेल्या मुलामुलींचा इथे सत्कार करतो. फूल देतो, वह्या देतो, फोटो काढतो. फार चांगली गोष्ट आहे. पण मंडळी, एक प्रश्न आम्ही आज विचारणार आहोत. मागच्या वर्षी या व्यासपीठावर ज्यांना फूल दिलं, त्यातली किती मुलं आज कॉलेजात आहेत? कुणी सांगेल का? बघा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. आम्हालाही माहीत नाही. आपल्याकडे सत्काराची वही आहे. सत्कारानंतर काय झालं त्याची वही नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ज्याची आहे त्याने परवानगी दिली आहे. नाव घ्यायचे नाही या अटीवर. २०२२ साली आपल्याच वस्तीतला एक मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला. त्याच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिला. आई धुणीभांडी करते, वडील नाहीत. आम्ही स्वतः त्याला इथे फूल दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आता मागे वळून बघायचं नाही." मोठ्या कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. आई रोज सकाळी साडेसहाला डबा भरायची. तो बॅग घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा. आम्हाला भेटली की माउली म्हणायची, "भाऊ, पोरगं कॉलेजला जातं." आम्ही म्हणायचो, "छान."

पुढच्या फेब्रुवारीत तो आम्हाला दादरच्या पुलावर दिसला. पाठीवर बॅग होती, पण कॉलेजची नव्हे. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या कंपनीची. आम्हाला बघून त्याने मान फिरवली. आम्ही हात धरला, चहाच्या टपरीवर नेलं. तिथे सगळं बाहेर आलं. त्याने सप्टेंबरातच कॉलेज सोडलं होतं. पाच महिने आईचा डबा घेऊन तो घरातून निघत होता.

का सोडलं? ऐका. सगळे तास इंग्रजीत. पहिला महिना त्याला वाटलं, आपल्यालाच काही कळत नाही, बाकी सगळ्यांना कळतं. शिष्यवृत्तीचा अर्ज कागद कमी म्हणून परत आला, तो कुणाला दाखवावा हे कळलं नाही. कॉलेजच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, नोटीस बोर्ड वाचत जा. वाचला, पण त्यातली निम्मी अक्षरं परकी. हजेरी कमी पडली. यादीत नाव लागलं. त्या यादीसमोर उभं राहून तो जो निघाला, तो परत गेला नाही. अभ्यासाला तो कच्चा नव्हता, मंडळी. तो तिथे एकटा पडला.

आम्ही त्याला रागावलो. म्हणालो, "अरे, आम्ही इथेच राहतो, दोन गल्ल्या पलीकडे. सांगायचं नाही का?" त्यावर तो काय म्हणाला? म्हणाला, "काका, तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही म्हणालात, मागे वळून बघायचं नाही. म्हणून मी मागे वळून कुणाला हाक मारली नाही."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तीस वर्षं चळवळीत फिरलो, मोर्चे काढले, बाबासाहेबांचे तीन शब्द भिंतीभिंतीवर रंगवले. त्यातला पहिलाच शब्द ज्याला सांगितला, त्याला साधं "कसं चाललंय रे?" एवढं विचारायला आम्हाला सात महिने सुचलं नाही.

आता जरा मागचं आठवा. भीमराव नावाचा शाळकरी मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळूसकर नावाच्या शिक्षकाने त्याला पाहिले. पाहून पुढे गेले नाहीत. थांबले, चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. सत्कार आपणही करतो. पण गुरुजी सत्कारावर थांबले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा तेच सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ ला बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट बाबासाहेबांचे. पण विचारपूस करणारा एक माणूस होता. आणि घरी सुभेदार रामजी होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत पोराला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. आपण पोराला दोन वाजता उठवायला नको. पण तो कुठल्या विषयात अडलाय, एवढं तरी माहीत पाहिजे की नाही?

म्हणून आता नव्याने कॉलेजला निघालेल्या मुलामुलींना काही रोकडं सांगतो. भाषण विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पहिली गोष्ट कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, रेशन कार्ड, अधिवास, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. एक फाईल करा. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढा. मूळ कागद कुणाच्या हातात सोडताना पावती घ्या. आपल्या बौद्ध मुलांची एक खास अडचण असते. दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेलं असतं आणि कार्यालयात विचारतात, मूळ जातीचा पुरावा कुठे? १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. तो हक्क आहे, भीक नाही. पण पुरावा लागतो, आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. म्हणून आजोबा-पणजोबांच्या गावच्या शाळेचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा आताच काढून ठेवा. गणपतीला, दिवाळीला गावी जाता ना? एक दिवस शाळेत जाऊन या. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ केलीत तर कागदही येत नाही आणि मनही खचतं.

दुसरी गोष्ट पैशाची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर पैसे अडकतात. अर्ज भरून घरी बसायचं नाही. दर पंधरा दिवसांनी बघायचं, तो कॉलेजकडे आहे की पुढे गेला. परत आला असेल तर त्यावर कारण लिहिलेलं असतं. परत आलेला अर्ज म्हणजे नापास झालेला अर्ज नव्हे, दुरुस्त करायचा अर्ज. आणि पालकांनो, कॉलेजच्या फीची रक्कम मुलाच्या खात्यात आली तर ती घरभाड्याला वापरू नका. ती कॉलेजची आहे. ती खर्च झाली की पोरगं खिडकीवर जायला लाजतं, आणि लाजलेलं पोरगं घरी बसतं. बाहेरगावी शिकायचं असेल तर समाज कल्याणची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटी वाचा, मुदत वाचा, अर्ज करा.

तिसरी गोष्ट कॉलेजच्या नव्या भाषेची. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही २०२४-२५ पासून नवी पद्धत आली आहे. मेजर, मायनर, क्रेडिट, सेमिस्टर हे शब्द ऐकून घाबरू नका. आम्ही रिंग खात्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा बॉबिन म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. आठ दिवसांत कळलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय. वर्गात शिकवण्याचे साधारण पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. गिरणीत हजेरी कार्डावर पाळ्या जमा व्हायच्या, तसे हे क्रेडिट तुमच्या नावावर जमा होतात, आणि त्यांचं खातं शासनाच्या क्रेडिट बँकेत असतं. ते खातं पहिल्याच महिन्यात उघडा. विषय निवडताना मित्राने घेतला म्हणून घेऊ नका. पुढे काय करायचं ते कुणाला तरी विचारून घ्या.

चौथी गोष्ट हजेरीची. मुंबई विद्यापीठाचा नियम ७५ टक्क्यांचा आहे. शंभरातले पंचवीस तास आजारपणाला, लग्नाला आणि लोकलला. त्यापलीकडे गेलात की यादीत नाव लागतं. कामामुळे, आजारामुळे जमत नसेल तर नाव लागण्याआधी सरांना भेटा. आधी सांगितलं तर ती अडचण असते, नंतर सांगितलं तर ती सबब होते.

पाचवी गोष्ट इंग्रजीची. ही खरी दुखरी नस आहे. आम्ही मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या तासाला तिसरी पाळी करून जायचो. अंगाला कापसाचा वास, शेवटच्या बाकावर बसायचो. सहा महिने तोंड उघडलं नाही. वाटायचं, विचारलं तर हसतील. एके दिवशी धीर करून सरांना म्हटलं, हा शब्द कळला नाही. सरांनी तो मराठीत समजावला आणि पुढच्या बाकावरचा एकजण मागे वळून म्हणाला, "बरं झालं विचारलंत, मलाही कळला नव्हता." मुलांनो, वर्गातल्या निम्म्या लोकांना कळत नसतं, फक्त ते नीट गप्प बसतात. एक वही करा. रोज पाच शब्द, समोर मराठी अर्थ. वर्षाला हजाराच्या वर शब्द होतात. तेवढ्यावर पुस्तक उघडतं.

सहावी गोष्ट, केटी लागली तर घर सोडू नका, कॉलेज सोडू नका. एका विषयात राहिलात तर तो विषय राहिला, तुम्ही राहिला नाहीत. आणि पहिल्या आठवड्यात तीन माणसं ओळखीची करा. एक शिक्षक, एक ग्रंथालयातला माणूस आणि एक वर्गमित्र, जो तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर फोन करील. हे तीन दोर असले की माणूस वाहून जात नाही.

आता कुणी म्हणेल, आम्हाला तर काम करावंच लागतं, कॉलेज कसं जमणार? तर अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची कॉलेजं असतात. जोलिएट या गावी १९०१ साली त्यातलं पहिलं निघालं. कामकरी, संसारी माणसं आपल्या गावातच दोन वर्षं कमी खर्चात शिकतात आणि पुढची दोन विद्यापीठात जाऊन पुरी करतात. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. पण हा विचार आपल्याला परका नाही. जोतिबांनी १८५५ सालीच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. का? तर पोरांनी सकाळी शिकावं आणि मग कामावर जावं. नोकरी करणारा विद्यार्थी म्हणजे अर्धा विद्यार्थी, असं बाबासाहेबांनी मानलं नाही. त्याच्या पोटाची वेळ बघून त्यांनी कॉलेजची वेळ ठरवली. १९५० ला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्यातल्या मुलांसाठी कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. १९८९ पासून नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. दरवाजे आहेत, मंडळी. कुठला आपला, ते शोधायला कुणीतरी बरोबर पाहिजे.

एक सावधगिरीही सांगतो. नव्या पद्धतीत एक वर्ष करून प्रमाणपत्र, दोन वर्षं करून पदविका घेऊन बाहेर पडता येतं. आयोगाच्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ज्याच्यावर वेळ आली त्याला हा आधार आहे. पण पालकांनो, एक वर्ष झालं, कागद मिळाला, आता कामाला लाग, असं पोराला म्हणू नका. मुलीला तर मुळीच म्हणू नका. बाहेर पडायचा दरवाजा दाखवायला शंभर लोक येतात. परत आत यायचा दरवाजा दाखवायला कुणी येत नाही.

आता शेवटचं. आज आषाढ पौर्णिमा. आजपासून वर्षावास सुरू होतो. पावसाचे तीन महिने भिक्खू संघ एका ठिकाणी राहतो, भटकत नाही. कॉलेजची पहिली घडीही नेमकी याच तीन महिन्यांत बसते. आमचा तो मुलगा याच तीन महिन्यांत गळाला. म्हणून या वर्षी आमची विनंती आहे. मुलांनो, तुम्ही एवढाच नेम करा, की वर्षावास संपेपर्यंत कॉलेज सोडायचं नाही. कितीही परकं वाटो, जागा सोडायची नाही. आणि मोठ्यांनो, आपण नेम करू, की आज सत्कार झालेल्या प्रत्येक मुलामागे एक माणूस. दर रविवारी सकाळी दहा ते बारा विहारात टेबल लागेल. आम्ही स्वतः बसू. गिरणी बंद आहे, वेळ आहे. अर्ज भरून देऊ, परत आलेला अर्ज दुरुस्त करू, आणि ज्याला काही काम नाही त्यालाही चहा पाजून विचारू, "कसं चाललंय रे बाळा?" ज्या घरातलं पोर दोन रविवार आलं नाही, त्याच्या घरी आम्ही जाऊ.

वर्षावासाच्या शेवटी, अश्विन पौर्णिमेला, पवारणा असते. भिक्खू एकमेकांना विनवतात, माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, तर सांगा. आम्ही गृहस्थ माणूस. पण त्या दिवशी आम्ही इथेच उभे राहू. तुम्ही सांगायचं, काका, अमक्या घरी तुम्ही गेला नाहीत, अमक्याला विचारलं नाही. आम्ही ऐकून घेऊ. पुलावर ऐकण्यापेक्षा विहारात ऐकलेलं बरं.

तुम्हाला वाटत असेल, त्या मुलाचं पुढे काय झालं? तो अजून जेवणाच्या पिशव्या पोचवतो. पण गेल्या वर्षी त्याने मुक्त विद्यापीठात नाव घातलं आहे. रविवारी तासाला जातो. एक विषय राहिला आहे, तो देणार आहे. आईला त्याने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिने डबा भरला आणि म्हणाली, "आता कुठे जातोस ते खरं सांगून जा." आज ती माउली या सभेत बसली आहे. आम्ही तिची सगळ्यांसमोर माफी मागतो. ती रोज सांगत होती आणि आम्ही नुसतं "छान" म्हणत होतो.

काही कमीजास्त बोललो असू तर पदरात घ्यावे. 

जय भीम! जय भारत! नमो बुद्धाय!